पायाखालचा ब्रेक

९ जानेवारी, गुरुवार

आज नवी बस आली. भूपेंद्रशेठनी मिलच्या गेटवर सगळ्यांसमोर चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हिलालभाई, आ तमारी." गाडी मिलची, पण म्हणायला माझी. सुरतमध्येच डिंडोलीहून कामगार भरायचे आणि सकाळच्या पाळीला बमरोलीला आणून सोडायचे. संध्याकाळी परत. जुन्या खटाऱ्यात पाठ मोडली होती, आता बरे दिवस आले.

मालतीने घरून नारळ, कुंकू आणि लिंबं आणली होती. पूजा चालू असतानाच शोरूमचा मुलगा आला. विकास त्याचं नाव, नागपूरकडचा. त्याला ब्रेकबद्दल सांगायची घाई होती. म्हणे, "काका, या गाडीत एबीएस आहे. जोरात ब्रेक मारला आणि चाक जाम व्हायला लागलं, तर कॉम्प्युटर स्वतःच भराभरा ब्रेक दाबतो-सोडतो. तुम्ही फक्त पूर्ण दाबून धरायचं. पेडल पायाखाली थरथरेल, घरघर आवाज येईल. घाबरून पाय काढायचा नाही. चाकं फिरती राहतात, म्हणून ब्रेक मारता मारता गाडी वळवून माणसाला चुकवताही येतं."

मी हो हो म्हटलं. माझं लक्ष लिंबाकडे होतं, डाव्या चाकाखालचं सरकलं होतं.

थरथरणारा ब्रेक चांगला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. उद्या म्हणतील गळणारं छप्पर चांगलं. मला ट्रक शिकवला तो बन्सीलाल उस्तादांनी, कोंडाईबारीच्या घाटात. त्यांचे दोनच नियम. ब्रेक एकदम दाबून धरायचा नाही, दम देत मारायचा: दाब, सोड, दाब, सोड. नाहीतर चाकं जाम होतात आणि गाडी बर्फावरून गेल्यासारखी सरकत जाते. आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग सरळ धरायचं, हलवलं की गाडी आडवी. हातातलं सुटलं की उस्ताद मानेवर चापट मारायचे. त्या चापटांवर मी आजवर जगलो. शोरूमच्या पोराची मिसरूड फुटून चार दिवस झाले नाहीत आणि तो मला ब्रेक शिकवतो.

तरी पोरगा गोड आहे. जाताना पाया पडला.

२२ जानेवारी, बुधवार

भेस्तानजवळ म्हैस आडवी आली. मी ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेला बांधकामाची रेती सांडलेली होती, तिच्यावर चाकं गेली आणि पायाखाली पेडल असं धडधडायला लागलं की मला वाटलं, खाली काहीतरी तुटलं. मी लगेच पाय उचलून दम दिला. दोनदा, तीनदा. गाडी म्हशीच्या शेपटीपाशी थांबली. मागून बाया ओरडल्या, कुणाचा तरी डबा सांडला.

नवी कोरी गाडी आणि ब्रेक असा! शेठना सांगितलं. ते म्हणाले, "सर्व्हिसमां बतावी दो." शोरूमला गेलो तर विकास हसला. "काका, थरथरला म्हणजे ब्रेक काम करून राहिला. तुम्ही पाय तर नाही ना काढला?" मी म्हटलं, मी कशाला पाय काढू? दम दिला. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाने हाक मारली.

नाचता येईना अंगण वाकडं. गाडी यांची खराब आणि दोष माझ्या पायाला.

३ फेब्रुवारी, सोमवार

मंदाला माझ्या गाडीची धडक बसली.

लिहवत नाही. पण शेठनी दिलेले वकील म्हणाले, जे आठवतं ते आजच लिहून ठेवा, उद्या आठवण बदलते.

सकाळी डिंडोलीहून भरलेली बस घेऊन येत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता ओलांडून बाया साड्यांच्या कारखान्यात जातात. दोरे कापणं, लेस लावणं, घड्या घालणं. मालतीही त्यातच आणि मंदाही. मंदा म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतल्या लक्ष्मणची बायको, बीडकडची. दोघी रोज बरोबर निघतात. तिथे सिग्नल नाही, पट्टे होते ते पुसून गेलेत. बाया हात वर करतात आणि चालायला लागतात, गाड्या थांबतात. सगळं सुरत असंच रस्ता ओलांडतं.

एका डाईंग मिलची नाली तिथे फुटलेली आहे. रंगाचं पाणी रस्त्यावर येतं, कधी निळं, कधी गुलाबी. आज गुलाबी होतं. मंदा एक पाऊल पुढे, मालती मागे. मंदाने हात वर केला. मी बघितला. मला हात दिसला होता, हे मी कोर्टातही सांगेन. मी जोरात ब्रेक मारला आणि पेडल थरथर थरथर करायला लागलं. ब्रेक गेला असं वाटलं. मी दम दिला, पुन्हा पुन्हा दिला, जीव खाऊन दिला. स्टिअरिंग सरळ धरलं. उजवीकडे रस्ता मोकळा होता, पण ब्रेक मारताना वळवायचं नाही हे माझ्या हाडात आहे. गाडी थांबली, पण मंदाच्या पुढे जाऊन.

मालती रस्त्यात तशीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जामीन झाला. वकिलांनी करून दिला. गाडी पोलीस चौकीत. मंदा सिव्हिलला, शुद्धीवर नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सिव्हिलला गेलो. आत जायची हिंमत झाली नाही, जिन्यात बसलो. लक्ष्मण खाली आला तेव्हा मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माझ्या हातात चहाचा कप दिला. कापड विणायचा आपला लूम सोडून तीन पाळ्या इथेच बसलाय, डोळे सुजलेत, आणि मला चहा देतो.

"भाऊ, खरं सांगा," तो म्हणाला, "बिरेक लागलाच न्हाई का?"

मी म्हटलं, आईची आण. पायाखाली नुसता थरथरत होता.

"मंग तुमचा काय दोष," तो म्हणाला. "गाडीच तसली."

हे ऐकून मला रडू फुटलं, आणि मग तोच माझी पाठ थोपटत बसला. असला माणूस शेजारी मिळायला पुण्य लागतं.

घरी मालती बोलत नाही. भाकरी टाकते, ताट ठेवते, भिंतीकडे तोंड करून बसते. आज जेवताना एवढंच म्हणाली, "ती हात दाखाडत व्हती. तुमले दिसना नही का?"

मी म्हटलं, दिसला.

"मंग?"

मी तिला ब्रेकचं सगळं सांगितलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. पूर्वी माझं एक वाक्य तिच्या चार प्रश्नांशिवाय संपत नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मंदा गेली. पहाटे गेली म्हणतात.

मी स्मशानात लांब उभा राहिलो. लक्ष्मणने बोलावून घेतलं आणि लाकडं द्यायला लावली. माझ्या हाताला धरून. त्याला वाटतं आम्ही दोघं एकाच गाडीने मारले गेलो. मलाही तसंच वाटतं, पण तो जसं म्हणतो तसं मला म्हणता येत नाही. माझ्या पायाखाली होती ना ती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आरटीओच्या साहेबांनी गाडी तपासली. अहवाल आला: ब्रेक व्यवस्थित, एबीएस व्यवस्थित, कसलाही दोष नाही. मी वकिलांना म्हटलं, साहेबांनी कोरड्या अंगणात तपासली असेल. वकील म्हणाले, तेही लिहू.

शोरूमला वाचवतात सगळे. एवढी मोठी कंपनी, तिच्या पुढे एक ड्रायव्हर आणि एक लूमवाला. लक्ष्मणला अहवालाचं सांगितलं. तो म्हणाला, "कागद काय, ते म्हणतील तसा." मला धीर आला. आख्ख्या सुरतमध्ये माझ्यावर विश्वास ठेवणारा तोच एक, आणि त्याचंच घर मी रिकामं केलं. असं कसं लिहिलं मी? मी नाही, गाडीने.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

विकासने शोरूमच्या मागच्या मैदानात बोलावलं. शेठनीच सांगितलं होतं, एकदा बघून घ्या म्हणून. त्याने जमिनीवर पाणी मारून ठेवलं होतं आणि मध्ये एक रिकामा ड्रम. म्हणाला, "काका, ड्रम म्हणजे माणूस समजा. या खुणेपाशी आलात की ब्रेक."

मी बसलो. तशीच गाडी, तसाच पांढरा रंग, फक्त नंबर वेगळा. खुणेपाशी ब्रेक मारला, पेडल थरथरलं. ड्रम उडाला.

विकास बाजूलाच बसला होता, वाकून माझ्या पायाकडे बघत. म्हणाला, "काका, पाय उठला."

"उठला नाही. दम दिला."

"दम देताना पाय उठतोच ना काका. तुम्ही जितका वेळ सोडता, तितका वेळ ब्रेकच नसतो. कॉम्प्युटर तुमच्यासाठीच दम देऊन राहिला, तुम्ही त्याच्या हातातून काढून घेता."

मग तो स्वतः बसला. तेवढ्याच वेगाने आला, ब्रेक दाबला, गाडी घरघरली, आणि घरघरतच ड्रमला वळसा घालून उभी राहिली. खोटं का लिहू, बघून अंगावर काटा आला. ड्रमच्या जागी माणूस असता तर वाचला असता.

पण मी घरी येईपर्यंत विचार केला. त्याला माहीत होतं कुठे ब्रेक मारायचाय. ठरवून मारलेला ब्रेक आणि खरा ब्रेक यात फरक असतो. शिवाय गाडी रिकामी, मागे कुणी बाया बसलेल्या नाहीत. शोरूमच्या मैदानात शोरूमचीच गाडी जिंकणार. विकास म्हणतो, चार दिवस रोज या, सवय होईल, पायाला नवं शिकवावं लागतं. या वयात! कोंडाईबारीच्या घाटात ब्रेक गेलेला ट्रक मी दम देऊन खाली आणलाय. त्या पायाला हा शिकवणार.

जाणार नाही.

३ मार्च, सोमवार

गाडी पोलिसांकडून सुटली आणि शेठनी मलाच पुन्हा बसवलं. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "बीजो ड्रायव्हर क्यांथी लावुं? तमे संभाळीने चलावो." दुसरा ड्रायव्हर मिळत नाही, आणि पगाराशिवाय माझं घर चालत नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही.

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा पाय लाकूड झाला. बैलगाडीसारखी बस नेली, मागचे हॉर्न वाजवत होते. मागे बस कामगारांनी भरलेली. या सगळ्यांचा जीव माझ्या एका पायावर आहे आणि त्या पायाखाली असा ब्रेक आहे ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मला भीती वाटते. ड्रायव्हरने हे बोलू नये, पण इथे लिहायला काय हरकत आहे? रोज सकाळी मला भीती वाटते.

मालती आता तिथून रस्ता ओलांडत नाही. कारखान्यातल्या सगळ्याच बाया लांब पुलाखालून फिरून जातात, जिथे पोलीस उभा असतो. उशीर होतो म्हणून मुकादम बोलतो. मी दिसलो की त्या बाया बोलायच्या थांबतात.

५ मार्च, बुधवार

आज पुन्हा पेडल थरथरलं. समोर कुणी नव्हतं, एक सायकलवाला बाजूने गेला आणि मी उगाच घाबरून ब्रेक मारला. त्याच जागी, त्याच पाण्यावर. गाडी उभी राहिली तेव्हा मी घामाने भिजलो होतो. हे असं चालणार नाही. पुन्हा कुणाचा जीव गेला तर मी जगणार नाही.

७ मार्च, शुक्रवार

उधन्याला दीपककडे गेलो. वाहनांच्या वायरिंगचं काम करतो, आमच्या अमळनेरकडचा. त्याला म्हटलं, मला ही थरथर नको. जुन्या गाडीसारखा ब्रेक पाहिजे, जेवढा मी दाबीन तेवढाच लागणारा.

तो म्हणाला, "त्यात काय, दादा. फ्यूज काढी टाकूत." आधी विचारलंही, पक्कं ना? मी म्हटलं, पक्कं. ड्रायव्हरच्या बाजूला डबीसारखं झाकण असतं, त्यातून त्याने नखाएवढा फ्यूज चिमट्याने उपटला आणि माझ्या हातावर ठेवला. एवढीशी वस्तू! हिच्यापायी बाई गेली.

समोर वेगाच्या काट्याशेजारी पिवळा दिवा लागला तो लागलाच. दीपक म्हणाला, हा आता असाच जळत राहणार. शेठच्या नजरेत यायला नको म्हणून मालतीच्या पाकिटातली एक मोठी मरून टिकली आणून त्यावर चिकटवली. बरोबर बसली.

मग सचिन गावाच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. कोरडा, सुनसान रस्ता. वेग घेतला आणि ब्रेक मारला. काही थरथर नाही, काही घरघर नाही. पेडल पायाखाली दगडासारखं स्थिर. टायर किंचाळले, गाडी सरळ रेषेत घसटत गेली आणि उभी राहिली. खाली उतरून बघितलं, मागे रस्त्यावर दोन काळेशार पट्टे उठले होते. याला म्हणतात ब्रेक! बन्सीलाल उस्ताद असते तर हसले असते. मी त्या पट्ट्यांवर उभा राहून कितीतरी वेळ बघत होतो. एवढ्या दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

लक्ष्मणला मात्र सांगितलं. म्हटलं, ज्याने मंदाला मारलं ते काढून फेकलं. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, "भाऊ, हे आधी केलं असतं तर."

९ मार्च, रविवार

आज सुट्टी. मालती आज बोलली. एवढ्या दिवसांनी तिने माझ्या ताटात न विचारता तूप वाढलं, तेव्हाच मला कळलं की लक्ष्मणने तिला सांगितलं असणार.

"आते थरथरत नही?" तिने विचारलं.

"नाही."

"खरंच?"

मी तिला संध्याकाळी बसमध्ये बसवून चक्कर मारून आणली. सावकाश नेली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबवली. रस्ता ओला होता. नाली अजून कुणी दुरुस्त केली नाही, आज निळं पाणी आलंय, पार मधल्या दुभाजकापर्यंत. मी दाखवलं, बघ, पाणी आहे तरी पेडल गप्प आहे. तिने वाकून माझ्या पायाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. मंदा पडली होती त्या जागेकडे ती पहिल्यांदाच बघत होती. पदर तोंडाला लावून रडली. मी तिला रडू दिलं. मग म्हणाली, लांबून जाऊन जाऊन पाय दुखतात, मुकादम रोज शिव्या देतो, काल दोघींना अर्ध्या दिवसाचे पैसे कापून घरी पाठवलं.

मी म्हटलं, मग उद्यापासून लांबून जायचं नाही. पहिल्यासारखं इथूनच ओलांडायचं, बाकीच्यांनाही सांग. दुसऱ्या गाड्यांचं मी सांगू शकत नाही, पण माझी पांढरी बस येताना दिसली तर थांबायचंसुद्धा नाही. उलट तीच वेळ धरा. मी येतोय म्हणजे मागच्या गाड्या आपोआप अडतात. भरलेली असो, वेगात असो, मी ब्रेक मारणार म्हणजे मारणार.

"भरोसा शे ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आता ब्रेक माझ्या पायाखाली आहे, कुठल्या कॉम्प्युटरच्या नाही.

घरी आल्यावर ती गल्लीतल्या बायांच्या दारोदार जाऊन आली. सगळ्या तयार झाल्या म्हणाली. उद्या बारा-तेरा जणी एकदमच निघणार आहेत, आणि मालती सगळ्यांच्या पुढे चालणार आहे, म्हणजे बाकीच्यांना भीती वाटायची नाही.